तेलाचं इपॉक्सी चिकट राहतंय? या चुका टाळा

ताग किंवा काचेचे तंतू घालून ओतलेली शीट साच्यातून निघाली, दिसायलाही झकास आहे, पण अंगठा दाबला की ठसा उमटतो. दुसऱ्या दिवशी बघा, तेच. सोयाबीन तेलाचं इपॉक्सी वापरणाऱ्या प्रोजेक्टवाल्यांची ही नेहमीची रड. मग प्रश्न येतो, "हार्डनर जरा जास्त टाकू का?" नका टाकू. बहुतेकदा तो आधीच जास्त झालेला असतो.

हिशेब करून बघा. नेहमीच्या बिस्फेनॉल-ए रेझिनचा इपॉक्सी तुल्यभार (एक मोल इपॉक्सी गटांमागे किती ग्रॅम रेझिन) 188च्या आसपास, तेलाचा, म्हणजे इपॉक्सी गट जोडलेल्या सोयाबीन तेलाचा, साधारण 240. 70 ग्रॅम रेझिन आणि 30 ग्रॅम तेल धरलं तर कागदावर टेटा हार्डनर (रेझिन घट्ट करणारं अमाइन) 12 ग्रॅम लागतो. पण तेलातले इपॉक्सी गट साखळीच्या मधोमध अडकलेले. खोलीच्या तापमानाला अमाइन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. रेझिनपुरते 9 ग्रॅम खपतात. उरलेले 3 ग्रॅम मोकळे राहतात, वर येऊन हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि पांढरट, चिकट थर धरतो. पावसाळ्यात तर हमखास.

उपाय? शीट रात्रभर जमू द्या, मग ओव्हनमध्ये 100 ते 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवा. तेल 20-30 टक्क्यांच्या पुढे नेण्याचा मोहही आवरा. त्यापुढे ते वेगळं पडायला लागतं आणि शीट लुळी होते. तेलच मुख्य घटक हवं असेल तर अमाइनचा नाद सोडा. अनहायड्राइड (वेगळ्या जातीचा हार्डनर) आणि क्रिया वेगाने व्हायला सोबत थोडं इमिडाझोल घ्या, आणि 140 अंशांचा ओव्हन मोकळा आहे ना ते आधी विचारून ठेवा.

आता तो 240 आकडा. तो बाजारातल्या तयार तेलाचा, ज्यात ऑक्सिरेन (इपॉक्सी गटांतला ऑक्सिजन) साडेसहा ते सात टक्के असतं. स्वतः बनवलेल्या तेलाला तो डोळे झाकून लावू नका. टायट्रेशन करा आणि 1600ला आलेल्या टक्क्यांनी भागा. आमच्याकडे एका बॅचचं ऑक्सिरेन 5.1 निघालं, म्हणजे तुल्यभार 314, आणि पोरं 240 धरून तीन शीट ओतून बसली होती. चौकशी केली तर, आम्लासोबत पेरॉक्साइड घालून तेलावर इपॉक्सी गट बसवतात ना, ते पेरॉक्साइड जेवायला जायच्या घाईत भसकन ओतलेलं. तापमान 60वरून 80च्या पार गेलं आणि तयार झालेली इपॉक्सी कडी आम्लाने पुन्हा उघडली. पेरॉक्साइड थेंबाथेंबानेच सोडा, बर्फाचं पाणी हाताशी ठेवा. नंतर बायकार्बोनेटने आम्ल पूर्ण धुऊन काढा, नाहीतर ते हार्डनर खातं. आणि पेरॉक्साइड लागलेलं भांडं ॲसिटोनने कधीही धुऊ नका; त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. इपॉक्सी गट तेलातल्या दुहेरी बंधांवर बसतात; एरंडेलात ते बंध बरेच कमी, त्यामुळे सोयाबीनचं माप तिथे चालत नाही.

तंतूंचं थोडक्यात. ताग कोरडा वाटला तरी दमट हवेत त्यात दहा-बारा टक्के पाणी असतं; ओव्हनमधून काढला की लगेच वापरा. काचेची चॉप्ड स्ट्रँड मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची चटई) स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. तिचा इमल्शन बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकटा) पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट ताठच राहते, आत पांढरे डाग दिसतात. सिलेन (काच आणि रेझिन जोडणारा लेप) लावलेलं विणलेलं कापड घ्या.

चाचणीत सगळ्यात जास्त गोंधळ वाकवण्याच्या चाचणीत होतो. आधारांमधलं अंतर जाडीच्या 16 पट ठेवतात, म्हणजे 3 मिमी शीटला 48 मिमी. मागच्याचं सेटिंग तसंच ठेवून चाचणी घेतली तर आकडे कुठल्या कुठे जातात. ताणाच्या चाचणीत जबड्यातच तुटलेला नमुना मोजू नका; निदान पाच चांगले नमुने हवेत. तंतूंचं प्रमाण काढायला शीट जाळणं काचेला ठीक, तागाची मात्र रेझिनबरोबरच राख होते. तिथे ओतण्याआधी ताग तोलून ठेवायचा.

आणि नमुने कापण्याआधी एक छोटा तुकडा डीएससीत (नमुना तापवत आत-बाहेर जाणारी उष्णता मोजणारं यंत्र) घाला. पहिल्याच तापवणीत उष्णता बाहेर पडल्याचा उंचवटा दिसला, तर शीट अजून कच्ची आहे. करवत खाली ठेवा, शीट परत ओव्हनमध्ये.