बडोदे दाखवायला निघताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यातल्या मराठी घरांत पुण्या-नाशकाचे पाहुणे उतरले की रात्रीच्या जेवणानंतर बेत ठरतो. सकाळी राजवाडा, दुपारी कमाटी बाग, संध्याकाळी सूरसागर तलाव, वेळ उरला तर जुन्या शहरातली मांडवी. सोबत आजी-आजोबा, आत्या, काका-काकू आणि दोन ते दहा वर्षांची पाच पोरं. कागदावर हे सगळं बसतं. प्रत्यक्षात दुपारी तीनला धाकटं रडायला लागतं, आजोबांना बसायला जागा हवी असते आणि थोरल्या मुलांना अजून काहीच पाहून झालेलं नसतं.

यावर उपाय एकच: अर्ध्या दिवसाला एकच आवार. बडोद्याची रचना याला फार सोयीची आहे. कमाटी बागेत झाडं, प्राणी, म्युझियम आणि तारांगण एकत्र आहेत. लक्ष्मी विलास पॅलेसच्या, म्हणजे राजवाड्याच्या, आवारातच महाराजा फतेसिंह म्युझियम आहे. सूरसागर, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा आणि मांडवी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आवार एक असलं की माणसं सुटी होऊ शकतात, आणि सुटं होता येणं हेच मोठ्या कुटुंबाच्या फिरण्याचं खरं सुख आहे.

चूक: सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचं

बाराजणांचा घोळका सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतो आणि सगळ्यात लहानाच्या भुकेने थांबतो. कमाटी बागेत, म्हणजे कागदोपत्री सयाजी बागेत, हे अगदी ठळक दिसतं. १८७९ मध्ये उभी राहिलेली ही बाग अफाट पसरलेली आहे. आत शिरल्या शिरल्या गट पाडा. लहानांबरोबर दोन मोठी माणसं प्राणी बघायला, आजी-आजोबा सावलीतल्या बाकावर, मोठी मुलं काकांबरोबर म्युझियममध्ये. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे आणि इजिप्तची ममीही आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना तिथून बाहेर काढावं लागतं. तीन वर्षांचं मूल मात्र तिथे घाबरून कडेवर चढतं, त्याला नेऊच नका.

भेटायची जागा ठरवताना ‘गेटपाशी भेटू’ म्हणू नका. बागेला एकाहून जास्त दरवाजे आहेत आणि पाहुण्यांना सगळे सारखेच वाटतात. फुलांचं मोठं घड्याळ ठरवा. कुणालाही विचारलं तरी सापडतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. गट पाडताना लहान मुलं दर वेळी त्याच बाईकडे जातात. घरची सून पाच वर्षांत पाच वेळा माकडं बघते आणि राजा रविवर्म्याची चित्रं एकदाही नाही. ती चित्रं फतेसिंह म्युझियममध्ये आहेत, खुद्द महाराजा सयाजीरावांनी त्याच्याकडून काढवून घेतलेली. पाऊण तासाने पाळी बदला. आधी ठरवलेलं असेल तर कुणाला मागून घ्यावं लागत नाही.

चूक: नदीकडे दुर्लक्ष

विश्वामित्री कमाटी बागेतूनच वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पिंजऱ्यातल्या नव्हे, मोकळ्या, शहराच्या मधोमध राहणाऱ्या. बाहेरून आलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही आणि मुलं चेंडूमागे काठाकडे पळतात. मगर बघायची तर पुलावरून बघा, मुलाचा हात धरून. काठावर उतरू नका, फोटोसाठीही नाही. पावसाळ्यात तर आणखी जपा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांपर्यंत आल्या होत्या. नदी फुगली असेल त्या दिवशी बागेचा बेतच रद्द करा.

चूक: राजवाड्यात मुलांना नुसतं चालवणं

आधी वार बघा. राजवाडा आणि फतेसिंह म्युझियम सोमवारी बंद असतात, आणि पाहुणे नेमके शनिवार-रविवार नातेवाइकांकडे घालवून सोमवारी फिरायला मोकळे होतात.

आत गेल्यावर दरबार हॉलची रंगीत काच आणि मोझॅकची जमीन मोठ्यांना आवडते, पण सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत कंटाळा येतो. मग तो दोरीखालून जातो, रखवालदार ओरडतो, आई ओशाळते. यावर ऑडिओ गाइड उपयोगी पडत नाही, गोष्ट पडते. आदल्या रात्री झोपताना सांगा: मालेगावजवळच्या कवळाणे गावात गोपाळ नावाचा मुलगा होता. १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याला इथे आणून दत्तक घेतलं आणि गादीवर बसवलं. तोच पुढे सयाजीराव झाला. १८९० मध्ये हा वाडा बांधून झाला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानेच १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शाळा मोफत आणि सक्तीची केली. हे शेवटचं ऐकून मुलं हमखास वाद घालतात, आणि दुसऱ्या दिवशी वाड्यात ‘तो मुलगा कुठे बसायचा?’ असं स्वतःहून विचारतात. फतेसिंह म्युझियमची इमारत राजघराण्यातल्या मुलांची शाळा म्हणून बांधलेली होती, आणि आवारात त्यांच्यासाठी छोटी आगगाडी धावायची. तिचं इंजिन तिथे आहे. ते शेवटी दाखवा, तोवर मुलं तग धरतात.

फाटकापासून वाड्यापर्यंतचं चालणं आजीच्या गुडघ्यांना जड जातं. वाहन कुठपर्यंत येऊ देतात ते तिकिटाच्या खिडकीवर आधीच विचारा.

दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे असाल तर तांबेकर वाडा चुकवू नका, पण मोठ्यांनीच जा. जिने उभे आणि अरुंद आहेत, आणि भिंतीवरच्या जुन्या चित्रांना लहान हात लागू नयेत.

चूक: भूक लागल्यावर जेवण शोधणं

बडोद्याला आलेल्या प्रत्येकाला सेवउसळ खायची असते आणि खावीच. मुलांची प्लेट मागवताना तिखट रस्सा, म्हणजे ‘तरी’, वेगळी द्यायला सांगा, नाहीतर पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. त्यांच्यासाठी पिशवीत दशम्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू असू द्या. इथला बटाट्याचा ओलसर लिलो चिवडा चवीला गोडसर असल्याने मुलांना चालतो. दुपारचं जेवण साडेबाराच्या आत उरका आणि मग घरी जाऊन झोपा. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी एक ते पाच बाहेर काढणं मुलांवर आणि म्हाताऱ्यांवर अन्याय आहे.

चूक: चार रिक्षा, एक पत्ता

पहिल्या रिक्षातले ‘कमाटी बाग’ सांगतात, दुसऱ्यातले ‘सयाजी बाग’, तिसऱ्यातले ‘म्युझियम’, आणि सगळे वेगवेगळ्या दारांशी उतरतात. निघण्यापूर्वी एकच खूण ठरवा, उदाहरणार्थ बागेजवळचा काळा घोडा हा पुतळा. प्रत्येक रिक्षात फोन आणि सुटे पैसे असलेलं एक मोठं माणूस हवंच. दोन भावंडांना एकटं आजोबांच्या रिक्षात बसवू नका.

मांडवीच्या गर्दीत मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांनी दहा दिशांना धावू नये. एकाने शेवटच्या जागी उभं राहायचं, दोघांनी शोधायचं, एकाने ११२ लावायचा. सकाळी निघताना मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढलेला असेल तर वर्णन सांगायला वेळ जात नाही. फोन नंबर मुलाच्या दंडावर पेनाने लिहा, पिशवीत ठेवलेली चिठ्ठी पिशवीबरोबर हरवते.

चूक: पावागड आणि पुतळा ‘जाता जाता’

एकतानगरचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा बडोद्याहून साधारण ९० किलोमीटरवर आहे, तोही सोमवारी बंद. त्याला आख्खा दिवस द्या आणि गॅलरीचं तिकीट वेळेसह आधी काढा.

पावागडच्या डोंगरावर जायला रोपवे आहे म्हणून आजी निश्चिंत असते. वरच्या स्टेशनानंतरही कालिकामातेच्या देवळापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या उरतात, हे तिला घरीच सांगा. नवरात्रात आणि रविवारी रांग इतकी लांबते की तान्ह्या मुलांना नेऊच नये. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली चांपानेरमध्ये थांबावं. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या गावातल्या जामी मशिदीच्या आवारात सपाट जमीन आहे आणि मुलांना पळायला मोकळी जागा. वर गेलेल्यांनी निघताना उतरण्याची अंदाजे वेळ खालच्यांना सांगून जावी, कारण गर्दीच्या दिवशी उतरण्याची रांगही चढण्याइतकीच लांब असते.