गॅरेजमध्ये सगळ्यांना सामावून घ्यायचं, तर सुरुवात जॉबकार्डापासून करा

स्वतंत्र गॅरेजला एचआर विभाग नसतो. मालक, दोन-चार मिस्त्री, एखाद-दुसरा हेल्पर आणि काउंटरवर एक जण, एवढाच कारभार. तिथे ‘आम्ही सर्वांना समान वागणूक देतो’ असा कागद भिंतीवर चिकटवला तर त्यावर ग्रीसचे डाग पडतात, बाकी काही होत नाही. गॅरेजमध्ये आपली किंमत काय आहे, हे माणसाला एकाच गोष्टीवरून कळतं: सकाळी हातात कोणतं काम पडतं. म्हणून सुरुवात कामाच्या वाटपापासून करायची.

१. महिनाभराची जॉबकार्डं काढून बसा

जॉबकार्ड म्हणजे गाडीवर काय काम झालं आणि कुणी केलं ते लिहिलेला कागद. त्यांवरून एक साधा तक्ता आखा. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत कामं: ऑइल-फिल्टर, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच-गिअरबॉक्स, वायरिंग, स्कॅनर लावून दोष शोधणं. प्रत्येक कार्डामागे एक रेघ ओढा.

बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच निघतं. स्कॅनर एकाच माणसाकडे. जुना हेल्पर अजून ऑइलच बदलतोय. मिस्त्री म्हणून घेतलेली मुलगी हळूहळू काउंटरवर सरकलेली, कारण काय, तर ‘ती गिऱ्हाइकांशी छान बोलते’. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. गाड्यांची रांग लागली की ज्याला जे पटकन जमतं ते त्याच्याकडे जातं, आणि तीच वहिवाट होते. पण ज्याने टायमिंग बेल्टला कधी हातच लावला नाही, तो पगारवाढ कशाच्या जोरावर मागणार? कामागणिक ठरलेल्या तासांवर पैसे मिळत असतील तर फटका थेट खिशाला बसतो. ब्रेक पॅडचं काम ठरलेल्या वेळेच्या आत उरकतं. मधूनच येणारा आणि जाणारा वायरिंगचा दोष अर्धा दिवस खातो आणि बिलात फारसा दिसतही नाही.

आता दर आठवड्याला प्रत्येकाला त्याच्या रांगेतल्या रिकाम्या चौकटीतलं एक काम द्या. पहिल्यांदा जाणकाराने करायचं आणि शिकणाऱ्याने पाहायचं, पुढच्या वेळी दोघांनी मिळून, आणि तिसऱ्यांदा शिकणाऱ्याने करून जाणकाराने गाडी लिफ्टवरून उतरण्याआधी तपासायचं. गर्दी कमी असेल असा दिवस निवडा, नाहीतर पहिल्याच सोमवारी हा बेत बारगळतो.

यातली खरी मेख पैशांची आहे. शिकवण्यात जाणकाराचा तास गेला आणि तो त्याच्या कमाईतून कापला गेला, तर तो शिकवणार नाही. त्याच्या जागी कुणीही असता तरी शिकवलं नसतं. तो तास गॅरेजच्या खर्चात धरा. गिऱ्हाइकाच्या बिलात घालू नका आणि शिकणाऱ्याच्या नावावर तर मुळीच नको.

२. ‘हे ताकदीचं काम आहे’ हे वाक्य तपासून घ्या

सर्वसाधारण छोट्या गाडीच्या चाकाचा नट ११० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. २५ सेंटीमीटरच्या पान्याने तो सोडवायला जवळजवळ ४५ किलोचा जोर लागतो. दांडा ६० सेंटीमीटरचा घेतला की तेच काम १९ किलोत होतं. गंजलेल्या नटाला जोर जास्त लागेल, पण गणित तेच. आवळताना तर अंगच्या ताकदीचा उपयोग कमी आणि धोका जास्त: बेताल आवळण्याने बोल्ट ताणले जातात, ब्रेकची डिस्कही वाकडी होऊ शकते. तिथे टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळू देणारा पानाच हवा, मग हात कुणाचाही असो.

लांब दांडा, चाक उचलायची ट्रॉली, गिअरबॉक्सचा जॅक, कमीजास्त उंचीचं बाकडं ही सगळी सोय एखाद्या बाईसाठी किंवा अपंगासाठी केलेला ‘उपकार’ म्हणून आणू नका. वीस वर्षं वाकून काम केलेल्या मिस्त्रीची कंबरही त्याने वाचते. हातमोजे आणि बॉयलर सूट सगळ्या मापांत ठेवा. ढगळ मोजा फिरत्या भागात अडकतो. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी नायट्राइलचे मोजे लागतात. आणि कडी लागणारं स्वच्छतागृह व कपडे बदलायची जागा आधी बघा. ती नसेल तर बाकी सगळं बोलणं फुकट.

३. माणूस घेताना गप्पांवर जाऊ नका

‘तगडा, होतकरू मुलगा पाहिजे’ ही जाहिरात अर्धे लायक उमेदवार दारातच परतवते. काम काय आहे ते लिहा. मग सगळ्यांना एकच परीक्षा द्या: तीच गाडी, तोच दोष, तेवढाच वेळ. उदाहरणार्थ, गाडी बंद असताना बॅटरी कशामुळे उतरतेय ते शोधणं. मल्टिमीटर नीट जोडला का, फ्यूज एकेक करून तपासले का, गाडीवर आवरण घातलं का, याचे गुण आधीच कागदावर ठरवून ठेवा. कुणाच्या ओळखीचा, कुठल्या गावचा, कुणाचा भाचा, हे प्रश्न आपोआप मागे पडतात.

४. कानाने आणि रंगाने चालणाऱ्या गोष्टी बदला

इम्पॅक्ट गनचा, म्हणजे नट सोडवायच्या-आवळायच्या यंत्राचा आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो. आठ तासांसाठी ८५ ही मर्यादा धरतात. अशा गोंगाटात ओरडून दिलेली सूचना धड कान असलेल्यालाही पोचत नाही. लिफ्ट वर-खाली करण्याआधी ठरलेली हाताची खूण आणि समोरच्याची उलट खूण, हा नियमच करा. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. लाल-हिरवा फरक न कळणं पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. वायरिंगच्या कामात तारांना अंकांच्या चिठ्ठ्या लावा आणि मीटरने खात्री करून घ्या. एवढ्यावरून कुणाला इलेक्ट्रिकल कामातून काढू नका.

५. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर काय बोलायचं ते आधीच ठरवा

प्रसंग ठरलेला असतो. गाडीखालून बाई बाहेर येते, दोष सांगते, आणि गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारतं, ‘मिस्त्री कुठे आहेत?’ या क्षणी मालकाने पुढे येऊन तीच गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली की खेळ संपला. गिऱ्हाइकाचं समाधान होतं आणि बाकीचे मिस्त्री धडा घेतात. त्याऐवजी एवढंच म्हणा: ‘तुमच्या गाडीचं काम यांच्याकडे आहे, यांनीच तपासलंय. विचारा काय विचारायचं ते.’ आणि तिथून बाजूला व्हा. तरीही हट्ट धरला तर गाडी दुसरीकडे न्यायला ते मोकळे आहेत, हे नम्रपणे सांगायची तयारी ठेवा. जातीवरून, धर्मावरून, वयावरून किंवा उच्चारांवरून कुणी तोंड वाकडं केलं तरी उत्तर हेच.

६. थट्टा आणि तक्रार

गॅरेजात थट्टा-मस्करी चालायचीच, ती बंद करायला गेलात तर तुमच्यावरच सुरू होईल. रेघ एवढीच आखा: माणसाच्या कामावर बोला, त्याच्या शरीरावर, जातीवर, बायकोवर नाही. आणि नव्या पोराला त्याच्या नावाने हाक मारा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध १९० क्रमांकाचा करार केला. त्यात शिकाऊ उमेदवार आणि नोकरी मागायला आलेली माणसंही धरली आहेत, आणि ग्राहकांकडून होणारा त्रासही. हेल्परला ‘अजून पोरगा आहे, सहन करेल’ म्हणून वगळण्याची सोय त्यात ठेवलेली नाही.

छोट्या जागेत तक्रारीची अडचण अशी की तक्रार मालकाकडेच करायची, आणि ती बऱ्याचदा मालकाच्या सगळ्यात कमावत्या मिस्त्रीबद्दल असते. म्हणून दुसरा दरवाजा ठेवा: हिशेब बघणारी व्यक्ती, भागीदार किंवा बाहेरचा एखादा विश्वासातला माणूस. नाव आणि नंबर सगळ्यांना माहीत हवा. तक्रार आली की तारखेसह लिहून घ्या, दोघांशी वेगवेगळं बोला आणि काय ठरलं ते तक्रार करणाऱ्याला आठवडाभरात कळवा. तोवर दोघांना एका गाडीवर लावू नका, आणि वेगळं करताना हलवायचं ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. तक्रार करणाऱ्यालाच टायरच्या कोपऱ्यात पाठवलंत तर दुसरी तक्रार कधीच येणार नाही.

तीन महिन्यांनी जॉबकार्डांचा तोच तक्ता पुन्हा भरा आणि या वेळी रेघा ओढायला मिस्त्रींनाही शेजारी बसवा.