रोबोट नंतर, आधी वेफर धुवा

दरवर्षी ॲडमिशनच्या हंगामात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींचे मेल येतात. सूर साधारण एकच: अर्डुइनो येतं, पायथन येतं, ड्रोन बनवलाय, आता शरीरात पोहणारे मायक्रोरोबोट बनवायचेत. उत्साह छानच, पण यातलं बरंचसं इथे कामाला येत नाही. आम्ही बनवतो त्या वस्तूत मोटर नाही, बॅटरी नाही, चिप तर नाहीच. असतो तो काचेचा एक मळसूत्री स्क्रू, जिवाणूएवढा, लांबी दोन-तीन मायक्रॉन, आणि त्यावर चुंबकीय धातूचा पातळ थर. बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र लावलं की तो स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो. अक्कल सगळी बाहेरच्या कॉइलमध्ये आणि ती चालवणाऱ्या माणसात.

मळसूत्रच का? कारण एवढ्या लहान वस्तूला पाणी काकवीसारखं वाटतं. जडत्व जवळपास शून्य. ई. कोलाय जिवाणूनं शेपटी फिरवायची थांबवली, तर एका अणूच्या व्यासाइतकंही अंतर न जाता तो जागच्या जागी थांबतो. शिंपल्याची उघडझाप इथे कुचकामी, कारण उघडताना जेवढं पुढे जाल तेवढंच मिटताना मागे याल. एडवर्ड पर्सेल या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाचं १९७७ साली छापलेलं व्याख्यान यावरच आहे आणि बीएस्सीच्या मुलालाही समजेल इतकं सोपं आहे. ते न वाचता कुठल्याही लॅबच्या मुलाखतीला जाऊ नका.

आता बनवण्याकडे येऊ, कारण तुमचे दिवस तिथेच जाणार आहेत. काचेचे हे स्क्रू २००९ साली हार्वर्डच्या रोलंड इन्स्टिट्यूटमध्ये अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी करून दाखवले. घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएस्सीत, आले, त्यामुळे ही पद्धत शिकायला परदेशीच जायला हवं असं नाही. पद्धतीला लॅबमध्ये ‘ग्लॅड’ म्हणतात, म्हणजे ग्लान्सिंग अँगल डिपॉझिशन, तिरप्या कोनातून थर चढवणं. आधी सिलिकॉनची पातळ चकती, म्हणजे वेफर, सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात धुवायची. हे मिश्रण, म्हणजे ‘पिरान्हा’, अंगावर आलं तर कातडी जाळतं, आणि त्यात ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट पडलं तर भडका उडतो. मग वेफरवर काही शे नॅनोमीटरच्या मण्यांचा एकच थर पसरायचा. एकच, दुसरा नको. आमच्या लॅबमधली एक सीनिअर नव्या पोरांना सांगायची, “आधी रंग बघ, मग एसईएमला पळ.” (एसईएम म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप.) थर नीट बसला असेल तर वेफर दिव्याखाली तिरपा केला की त्यावरून निळे-हिरवे रंग सरकतात, आणि मणी एकावर एक चढलेत तिथे पांढुरका डाग दिसतो. तो डाग ओळखायला शिकलात की मायक्रोस्कोपच्या बुकिंगची अर्धी फी वाचली समजा.

नंतर वेफर इव्हॅपोरेटरमध्ये. निर्वातात सिलिका, म्हणजे काचेचाच पदार्थ, तापवून तिची वाफ करायची आणि वेफर इतका तिरपा धरायचा की वाफ पृष्ठभागाला जेमतेम घासून जाईल. मण्यांची सावली मागे पडते, म्हणून पदार्थ फक्त मण्यांच्या माथ्यावर साचतो. वेफर हळूहळू फिरवत राहिलं की तो वळत वळत वर चढतो, आणि प्रत्येक मण्यावर एक मळसूत्र उभं राहतं. वाफेचा वेग डळमळला की पेच, म्हणजे मळसूत्राच्या दोन वेढ्यांतलं अंतर, बदलतो. पेच बदलला की पोहण्याचा वेग बदलतो. पुढे लोह किंवा कोबाल्टचा थर, मग जोरदार चुंबकानं स्क्रू आडव्या दिशेत चुंबकित करायचे, आणि शेवटी अल्ट्रासाउंडच्या टबात हलवून सगळे पाण्यात सोडायचे. मणी २००–३०० नॅनोमीटरचे असतील तर एका चौरस सेंटिमीटरवर शंभर कोटींच्या आसपास स्क्रू निघतात.

दुसरा रस्ता लेझर थ्रीडी प्रिंटिंगचा, म्हणजे टू-फोटॉन. हवा तो आकार मिळतो, फोटो देखणे येतात, पण एकेक स्क्रू कोरत बसावं लागतं. संशोधनाला उत्तम. औषधाच्या मात्रेत लाखो-कोटी लागले तर मी ग्लॅडच्याच बाजूनं.

पहिल्यांदा स्क्रू पोहताना दिसले की सगळे खूश होतात. तेव्हा ते शुद्ध, क्षार काढलेल्या (डीआय) पाण्यात पोहत असतात. मग कुणीतरी शरीरातल्याइतकं मीठ असलेलं बफर घालतं, आणि थोड्याच वेळात निम्मे स्क्रू काचेला चिकटलेले, उरलेल्यांचे गठ्ठे. यात गूढ काही नाही. पाण्यात पृष्ठभागावरचे विद्युतभार एकमेकांना दूर ठेवतात. मीठ आलं की त्या भाराचा पल्ला एक नॅनोमीटरच्याही आत येतो. वर स्क्रू चुंबकीय, म्हणजे जवळ आले की ओढले जाणारच. यावर पॉलिमरचं आवरण वगैरे उपाय आहेत, पण खरं काम इथून सुरू होतं आणि ते जास्त करून रसायनाचं आहे. जठरातल्या श्लेष्म्यासाठी फिशर यांच्या गटानं स्क्रूवर युरिएज हे विकर बसवलं, म्हणजे अल्सरच्या हेलिकोबॅक्टर जिवाणूचीच युक्ती: भोवतालची आम्लता घटवून चिकट जेल पातळ करायचं. २०१८ साली डुकराच्या डोळ्यातल्या काचद्रवातून स्क्रू नेताना त्यांना कीटकभक्षी घटपर्णीच्या निसरड्या काठावरून सुचलेलं आवरण दिलं. आयआयएस्सीत आणि तिथूनच निघालेल्या थेरानॉटिलस कंपनीत तर दाताच्या आतल्या बारीक नळ्यांपर्यंत, रूट कॅनॉलला दाद न देणाऱ्या जिवाणूंपर्यंत, पोहोचायचं काम झालंय.

आणखी एक गोष्ट, जी शोधनिबंधांत दिसत नाही: कागदपत्रं. निकेल चुंबक म्हणून सोयीचं, पण विषारी. त्यामुळे धातू निवडतानाच आयएसओ १०९९३ च्या, म्हणजे पदार्थ शरीराला चालतो का हे बघणाऱ्या, चाचण्या डोक्यात हव्यात. कंपनीत गेलात तर वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं आयएसओ १३४८५ आणि आपल्याकडचे २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स. कुठल्या वेफरमधून कुठली बाटली भरली, हे दोन वर्षांनी विचारलं तरी सांगता यायला हवं. लॉगबुकचा कंटाळा असेल तर दुसरं क्षेत्र बघा, खरंच.

शिरकाव कसा करायचा? मेकॅनिकल, भौतिकशास्त्र, रसायन, मटेरियल्स, कुठूनही येता येतं; पीएचडीला इंजिनिअरिंगवाले बहुधा गेटवरून, एमएस्सीवाले नेट-जेआरएफवरून. त्याआधी इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाच्या आयएनयूपी योजनेची प्रशिक्षणं बघा. पवईच्या आयआयटीत आणि आयआयएस्सीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त लॅबमध्ये, हात घालायला मिळतो तो त्यातून. सांगली-नांदेडच्या कॉलेजात इव्हॅपोरेटर नसणार, त्याची लाज बाळगू नका. मुलाखतीत बंद पडलेला व्हॅक्यूम पंप उघडून बघितल्याचं सांगितलंत तरी वजन पडतं.

आणि मुलाखतीत तुम्हीही विचारा. इव्हॅपोरेटर लॅबचा स्वतःचा की सामाईक? बुकिंगला किती थांबावं लागतं? पंप बसला तर दुरुस्तीचा खर्च कुठल्या ग्रँटमधून? तीन अक्षांची कॉइल आणि हाय-स्पीड कॅमेरा तयार आहेत की तुम्हीच उभे करायचे? प्राण्यांवरच्या चाचण्यांसाठी कुणाशी करार झालाय? गाईड उडवाउडवी करायला लागले, तर बाहेर पडल्यावर तिथल्या सीनिअर पोरांबरोबर एक चहा घ्या आणि हेच प्रश्न पुन्हा विचारा.