मॉरिशसचा छात्रसेवाकाल आटपताना: सह्या, शिक्के आणि झाकरी

छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शिक्षक होण्याच्या कोर्समध्ये शाळेत प्रत्यक्ष शिकवायचं असतं त्यासाठी, बाहेर जाताना काय काय न्यायचं याची यादी सगळे देतात, पण परत येताना काय आटपायचं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि माझी पंचाईत नेमकी तिथेच झाली. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहितेय.

मी गुहागरची. मॉरिशसच्या सरकारी प्रायमरी शाळांत मराठी ऑप्शनल विषय आहे, तिथे शिकवायला होते. दुसरी टर्म जुलैत संपते, तेव्हाच परतीचं तिकीट. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा, क्युरपिपला मी स्वेटर घालून बसायची आणि आई फोनवर सांगायची, चार दिवस लाईट नाही गो.

तर पहिलं म्हणजे सह्या. प्रत्येक पाठाच्या टाचणावर आणि निरीक्षण वहीत मार्गदर्शक शिक्षकांची सही, खाली शाळेचा शिक्का. मला वाटलं शेवटच्या शुक्रवारी एकदम घेऊ. शुक्रवारी हेडमास्तर पोर्ट लुईला मीटिंगला, शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी त्यांच्या खिशात! अकरा पाठ बिनशिक्क्याचे, आणि विमान रविवारी. शनिवारी माझ्या मार्गदर्शक मॅडम मला हेडमास्तरांच्या घरी घेऊन गेल्या, ते बिचारे बागेत पाईप धरून झाडांना पाणी घालत होते, हात पुसून आमच्याबरोबर शाळेत आले आणि अकराच्या अकरा शिक्के मारून दिले. मला एवढी लाज वाटली की काय सांगू. तुम्ही आपलं दर आठवड्याला घेऊन मोकळं व्हा.

आणि अनुभवाच्या सर्टिफिकेटवर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, लागणार आहे का, हे तिथून निघायच्या महिनाभर आधीच कॉलेजला विचारा. ज्या देशाचा कागद, त्याच देशाने तो शिक्का द्यायचा असतो, इथे येऊन मुंबईत होत नाही. मॉरिशस अपोस्टिलच्या हेग करारात आहे, भारतही २००५ पासून आहे, त्यामुळे काम तसं सरळ आहे, फक्त तिथे असताना करायचं. नाहीतर मग कुरियर आणि कोणाच्या तरी हातापाया पडणं.

खोलीचं फार नाही. लाईटबिल भरा, डिपॉझिट सामान बांधायच्या आधी मागा, आणि तिकडच्या तीन चौकोनी पिनांचा चार्जर मागून येणाऱ्या पोरीला देऊन टाका, इथे कुठल्याच बोर्डात बसत नाही.

मुलांचा निरोप मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका. माझ्या वर्गाने झाकरी केली. मला आधी कळेना काय ते, मग गोल धरून पाय आपटायला लागली आणि डोक्यात एकदम पेटलं, अरे हा तर आपला जाखडी, बाल्या नाच! १८३४ नंतर मजूर म्हणून गेलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडची कितीतरी माणसं होती, त्यांनी नेलेला. चौथी-पाचवीतली ती पोरं आपसात तिकडची बोली क्रिओल बोलतात, पण पाय असे पडत होते की आमच्या वाडीत गणपतीत पडतात. मी चप्पल काढून मध्ये घुसले. त्या दिवशी मुलं पुन्हा कधी येणार विचारतात, तेव्हा "पुढच्या वर्षी" असं तोंडातून जाऊ देऊ नका. माझ्या गेलं, अजून खातंय मला.

एका पोराने पोवळ्याचा पांढरा तुकडा दिला होता. आणला नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ शेड्यूल एकमध्ये आहे, बाळगणंसुद्धा गुन्हा. त्यालाच घेऊन किनाऱ्यावर गेले आणि परत पाण्यात टाकला, तो जरा रुसला, पण चिठ्ठी दिलीन ती आणली.

कागद सगळे दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, तेही हँडबॅगेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमच्या ओळखीत एकाची सगळी मार्कशीटं गेली, तेव्हापासून मी याबाबतीत वेडी आहे. आणि वेडेपणा कामाला आला, कारण पावसाळी टाइमटेबलची गाडी, ती पण उशिरा, पुढे चिपळूणहून एसटी, खिडकीची काच अर्धीच वर जाणारी. मोठी बॅग आतपर्यंत भिजली. व्हॅनिलाचा चहा वाचला, तो पिऊन आई म्हणाली, ह्यात आइस्क्रीम पडलंय काय गो?

सोमवारी कॉलेजात वही दिली. मॅडमनी पाठ वाचलेच नाहीत, आधी बोट लावून शिक्के मोजले.