पूर यायच्या आधी घरातलं पाणी आणि ड्रेनेज कसं सांभाळायचं

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. पण घरची तयारी म्हटली की लोक मेणबत्त्या, दूध, मॅगी आणून ठेवणार, पाण्याचं नळ गेल्यावर बघणार आणि ड्रेनेजचं तर मोरीतनं काळं पाणी वर आल्यावरच. माझं म्हणणं, ३५-३६ फूट असतानाच दोन्ही उरकून टाका.

२०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं तेव्हा शहराचं बेटच झालेलं, शिरोलीला हायवे पाण्यात आणि चारी बाजूला पाणी असून नळ कोरडे. बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही उपसा केंद्रं नदीकाठालाच, त्यामुळं मोटारी आणि पॅनेल बुडाले की सगळं ठप्प, आणि पाणी उतरलं म्हणून लगेच चालू होत नाही, मोटारी काढून वाळवून परत बसवाव्या लागतात. २०२३ पासून काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन आलीय हे खरं, पण तिकडचे पंपपण विजेवरच चालतात, त्यामुळं निवांत बसू नका.

साठा किती? माणशी दिवसाला १५ लिटर धरा, त्यात पिण्या-स्वयंपाकाचं ५. चार माणसं, पाच दिवस म्हणजे ३०० लिटर, दोन बॅरलमध्ये बसतंय. जमिनीतल्या टाकीच्या भरवशावर राहू नका, झाकणातनं पुराचं पाणी शिरलं की आतलं सगळं वाया, म्हणून ते आधीच मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवा. पिण्याचं वेगळं, झाकणाच्या भांड्यात.

टँकरचं पाणी गढूळ असलं तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी कापडानं गाळून घ्या आणि मगच मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट टाकलं तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं. गॅस असेल तर उकळणं सगळ्यात बेस्ट, चांगली उकळी फुटू द्या. पण पुराचं पाणी उकळून पिण्याच्या भानगडीत पडू नका, त्यात डिझेल असतंय, शेतातली औषधं असतात, ती उकळून जात नाहीत.

आता ड्रेनेज, जे कोण बघत नाही. जयंती नाला नदीला मिळतो, नदी चढली की नाल्याला फूग येते, म्हणजे पाणी मागं तुंबतंय, आणि मग लाईनीतलं पाणी उलटं फिरतंय, म्हणजे गल्लीत पूर आला नसला तरी तळमजल्यावरच्या बाथरूममधनं घाण वर येऊ शकते. जाड प्लास्टिक पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा, एक कमोडमध्ये दाबून बसवा, एक मोरीच्या जाळीवर आणि तिच्यावर पाटा किंवा दगड. वॉशिंग मशीनचा पाईप मोरीतनं काढायला विसरू नका, घाण त्यातनंपण चढते. आणि अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावरच्यांना जाऊन स्पष्ट सांगा की तुमचा फ्लश खालच्यांच्या घरात निघतोय, थोडं वाईट दिसेल, दिसू दे.

सेप्टिक टँक असेल तर पुरात किंवा पूर उतरल्या उतरल्या उपसायला गाडी बोलवू नका. जमीन पाण्यानं भरलेली असते, टाकी रिकामी केली की खालच्या दाबानं उचलते नाहीतर तडकते. आठवडाभर वापर कमी करा, जमीन जरा सुकू द्या.

साफसफाईला गमबूट आणि ग्लोव्हज, पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टोची (उंदराच्या लघवीतनं पसरणारा ताप) भीती असते, ताप आला तर पुराच्या पाण्यात गेलेलो हे डॉक्टरला आवर्जून सांगा. टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर आधी घासून धुवा, मग हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम टीसीएल (ब्लिचिंग) पावडर बादलीत कालवून, वरची निवळी भरलेल्या टाकीत ओता, वास येईपर्यंत घरातले सगळे नळ सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पाणी सगळं सोडून द्या. पावडर कालवताना खिडकी उघडी ठेवा आणि ॲसिड जवळपासपण आणू नका. नळाला पाणी आलं की पहिलं गढूळ जाऊ द्या, आणि पुढं आठ-पंधरा दिवस तरी उकळूनच प्या.