पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी? आधी रॅम बघा

पावसाळ्यात मुंबईत घरी जोडलेल्या पीसीची ही नेहमीची तक्रार: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर काहीच नाही. लगेच लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठून नवा मदरबोर्ड घेऊ नका. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो, संपर्क तुटतो. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यालाच लावली आहे ना, ते पाहा. मग प्लग काढा आणि पीसीचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला चार्ज जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच रॅम काढा. पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

चार स्लॉटच्या बोर्डावर एकच रॅम, सीपीयूपासून (म्हणजे प्रोसेसर चिपपासून) दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. दोन्ही टोकं सारखी दाबा, खिट्टी 'टक' वाजली पाहिजे. एक टोक मिलिमीटरभर वर राहतं आणि रॅम बसल्यासारखी दिसते, फसगत होते ती इथेच. डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. घाईने बंद करू नका.

तरीही नाही? सीपीयूची ८ पिनांची पॉवर केबल तपासा. प्लग काढलेला असतानाच मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल ५ मिनिटं काढून परत लावा, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नका. त्यातले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही जबर शॉक देतात.