उताराच्या रानात पाणी मुरवायचंय? मग झाडांच्या आधी गवताचं बघा

जून आला की सगळ्यांना झाडं लावायचा जोर चढतो, मलापण चढला होता. आमच्या दीड एकर मुरमाड उतारावर एका पावसाळ्यात दोनशे रोपं लावली, फोटोबिटो काढले, आणि पुढच्या मे महिन्यात मोजली तर वीस-पंचवीस उरलेली, तीपण बांधाच्या कडेला जिथं गवत होतं तिथलीच.

आधी साधा हिशोब करा. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एकरावर साधारण ४ हजार लिटर. म्हणजे ४०० मिमीच्या दुष्काळी पट्ट्यातपण एकरावर १६ लाख लिटर पडतं. मग ते जातं कुठं हे बघायला रंगाचा रिकामा डबा घ्या, तळ कापा, जमिनीत तीन-चार बोटं ठोका, एक लिटर पाणी ओता आणि मोबाईलवर टाइम लावा. एकदा बोडक्या जागेवर, एकदा गवतात, एकदा जुन्या झाडाखाली. आमच्याकडं बोडक्या जागेवर अर्ध्या तासानंतरपण पाणी तसंच उभं होतं, आणि गवतात पाच-सहा मिनिटात गायब! कारण उघड्या मातीवर थेंब आपटले की बारीक माती उडून भोकं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो, गवतात थेंबाचा मार पानांवर जातो आणि मुळं, गांडुळं, मुंग्या यांनी केलेल्या वाटांनी पाणी खाली उतरतं.

म्हणून पहिली दोन वर्षं फक्त गवत सांभाळा. जनावरं आत सोडू नका, आणि वणवा लागू नये म्हणून दिवाळीनंतर कडेनं जाळरेषा (गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढा. गवत कापायचं ते बी झडल्यावर, विळ्यानं, मुळासकट उपटायचं नाही. मारवेल गवताचे ठोंब मिळाले तर पहिल्या पावसात लावा, गुरांना चारापण होतो. पाणी अडवण्याच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी उगाच नाही केली.

मग चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणायचे लांब खड्डे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळीची लेव्हल घेऊन समपातळी रेषा आखा, अंदाजानं अजिबात नको, कारण चर जरा जरी तिरका झाला की पाणी एका टोकाला जमतं, तिथून फोडून निघतं आणि घळ पडते (हो, आमची पडली). काम वरून खाली, माथा ते पायथा. चरातली माती खालच्या बाजूला टाकून तिच्यावर लगेच गवताचं बी फेका, घळीच्या तोंडाला वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली खोल जातात.

झाडं आता लावा. कमी पावसात करंज, कडुलिंब, बोर, सीताफळ. सीताफळाला शेळ्या तोंड लावत नाहीत हा मोठा फायदा. विहिरीजवळ निलगिरी नको, फार पाणी ओढते. तसं सगळीच झाडं पाणी पितात हे लोक विसरतात. विश्वास बसत नसेल तर उन्हात पानांच्या फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, दोन-तीन तासात आत थेंब दिसतील. मुळांनी ओढलेलं जवळजवळ सगळं पाणी झाड पानांवाटे हवेत सोडतं, म्हणून सावलीत गार वाटतं. पण त्यावरून "झाडं लावली की आपल्याकडं पाऊस वाढतो" असं म्हणू नका, ते अ‍ॅमेझॉनसारख्या अवाढव्य जंगलात होतं जिथं झाडांची वाफ पुन्हा पाऊस होऊन पडते, आपल्या दीड एकराची वाफ वाऱ्याबरोबर कुठल्या कुठं जाते. आपल्या हातात मुरवणं आहे आणि पालापाचोळा न जाळता बुडाशी पसरून माती ओली ठेवणं आहे.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण करा. दोरीला दगड बांधून दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा, बाजूला त्या महिन्याचा पाऊस. पावसाळ्यात सगळ्यांच्याच विहिरी भरतात, त्यामुळं ऑगस्टचा आकडा बघून खूश होऊ नका, मार्चचा मार्चशी लावून बघा, आणि दोन्ही वर्षी पाऊस साधारण सारखा होता का तेपण बघा.